समुद्र नसलेल्या गावांचं खारं पाणी

लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीशी संबंधित एका पाद्र्याच्या घरी, १८४६-४७ च्या सुमारास एका मोलकरणीच्या वाट्याला चमत्कारिक काम आलं होतं. उघड्या खिडकीपुढे उभं राहून बरणीतलं खारं पाणी उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि तिथलं पुन्हा बरणीत. रोज अर्धा-पाऊण तास. मालकीणबाईंचं नाव ॲना थिन. टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना खडकाला चिकटलेलं कठीण प्रवाळ दिसलं आणि ते घरी न्यायचंच असं त्यांनी ठरवलं. प्रवासात धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी ते चक्क सुईदोऱ्यानं स्पंजाला शिवलं. प्रवाळ जिवंत पोचलं. लंडनमध्ये ते जगवायचं तर साचलेलं पाणी हलतं ठेवायला हवं, एवढं बाईंनी ओळखलं. पुढे त्यांनी बरणीत समुद्री शैवालं सोडली आणि मोलकरणीचे कष्ट हलके झाले. घरगुती प्रवाळ-टाकीतला पहिला पंप म्हणजे त्या मोलकरणीचे दोन हात, असं म्हणायला हरकत नाही.

ही गोष्ट किनाऱ्यावरच्या गावात घडली नाही, हे महत्त्वाचं. टॉर्कीला राहणाऱ्या माणसाला पाणी फिरवायची गरजच नव्हती. बादली घेऊन खाली उतरलं की ताजा समुद्र हजर. खारं पाणी फिरवण्याची विद्या वाढली ती समुद्र हाताशी नसलेल्या गावांत. आणि समुद्र हाताशी नसण्यात नागपूरचा हात धरणारं शहर महाराष्ट्रात सापडणं कठीण. झिरो माईलच्या दगडापाशी उभं राहून कुठल्याही दिशेला निघा, लाटेचा आवाज ऐकायला शेकडो किलोमीटर जावं लागतं. मुंबईच रेल्वेनं आठशेहून अधिक किलोमीटर दूर.

तसा एके काळी समुद्रच या भागात येऊन गेला असावा. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं ठिकाण आहे. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचे जीवाश्म सापडले. २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक चिंचोळा फाटा मध्य भारतात शिरला होता. तो ओसरला आणि मग विदर्भाच्या वाट्याला आलं ते गोडं पाणी: नद्या, बोड्या, भंडारा-गोंदियाकडचे कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव आणि त्यांत जाळं टाकणारे ढिवर. इथलं माशांचं सगळं पिढीजात ज्ञान गोड्या पाण्याचं.

शोभेच्या माशांचंही तेच. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा सोनाराच्या पेढीवर ठेवलेली काचेची पेटी, तिच्यात गोल्डफिश, तळाशी रंगीत खडी आणि बुडबुड्यांनी झाकण उघडणारी प्लास्टिकची पेटी. मागे कुठेतरी एअर मोटर घुर्र करत असायची. ही मोटर पाणी फिरवते असं कुणाला वाटत नसे. ती ‘हवा देते’, बस्स. गोल्डफिशला तेवढं पुरतं. प्रवाळाला मुळीच पुरत नाही.

का पुरत नाही, हे कळायला शंभराहून अधिक वर्षं जावी लागली.

फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या खटपटीतून मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं. काचेमागे जिवंत समुद्र पाहायला लोक लोटले. त्या काळचा सिद्धान्त समतोलाचा होता: वनस्पती प्राणवायू देतील, प्राणी तो घेतील, पाणी तसंच राहील. तीन वर्षांपूर्वी रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून तो मांडला होता. कागदावर सुंदर, काचेत मात्र पाणी गढुळायचं. गॉसनं समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी आणखी एक सोय केली. मीठ, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार मिसळून कृत्रिम समुद्रपाणी करायची कृती त्यानं प्रसिद्ध केली. आज नागपुरात कुणी आरओच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ मोजून टाकतो, तेव्हा तो गॉसचीच कृती सुधारून वापरत असतो.

फिरत्या पाण्याचा खरा कारागीर मात्र विल्यम ॲल्फर्ड लॉइड. पेशानं बुकबाइंडर. समुद्री जीवांच्या नादानं त्यानं लंडनमध्ये मत्स्यालयाच्या वस्तूंचं दुकान काढलं आणि पुढे हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात १८६४ मध्ये उघडलेलं मत्स्यालय उभारलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. दर्शनी टाक्या लहान ठेवा आणि जमिनीखाली अंधारात त्यांच्या कितीतरी पट मोठा साठा ठेवा. वरचं पाणी सतत खाली जाऊ द्या, खालचं सतत वर चढवा. अंधारात शेवाळ माजत नाही, मोठ्या साठ्याचं तापमान झटकन बदलत नाही आणि घाण पसरून विरळ होते, कुजून निवळते. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यानं हे भव्य प्रमाणावर करून दाखवलं. दर्शनी टाक्यांत सुमारे २० हजार गॅलन पाणी, म्हणजे ९० हजार लिटर. खालच्या हौदात १ लाख गॅलन, म्हणजे साडेचार लाख लिटरच्या वर. पाणी ब्रायटनच्या किनाऱ्यावरून रेल्वेनं आणलेलं. वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप आणि नळ कडक रबराचे, कारण धातू खाऱ्या पाण्यात झिजतो आणि जीवांना विषासारखा बाधतो. हा नियम आजही जसाच्या तसा आहे.

आज घरातल्या टाकीखाली कपाटात जी दुसरी टाकी असते, जिला हौशी लोक संप म्हणतात, ती लॉइडच्या त्या हौदाची नात. प्रमाण मात्र उलटं झालं. लॉइडचा हौद दर्शनी टाक्यांच्या पाचपट होता. आजचा संप बहुधा वरच्या टाकीच्या पाव-तृतीयांश. फ्लॅटमध्ये त्याहून जास्त जागा कोण देणार?

बर्लिनलाही समुद्र नव्हता. आल्फ्रेड ब्रेम यांनी १८६९ मध्ये उंटर डेन लिंडेन रस्त्यावर मत्स्यालय उघडलं, तिथे ऑटो हेर्मेस यांनी कृत्रिम समुद्रपाणी व्यवहारात आणलं. शिकागोच्या शेड मत्स्यालयानं १९३० मध्ये वेगळा मार्ग धरला: फ्लोरिडाच्या की वेस्टहून २० टँकर-डब्यांची आगगाडी, तिच्या आठ फेऱ्या आणि १० लाख गॅलन समुद्र रुळांवरून आणला. गंमत म्हणजे समुद्रकाठच्या नेपल्सनंही १८७० च्या दशकात मत्स्यालय बांधताना लॉइडचा सल्ला घेतला. बंदराजवळच्या गढूळ पाण्यापेक्षा साठवून फिरवलेलं पाणी बरं, हे तिथल्या शास्त्रज्ञांना पटलं होतं.

भारतातली पहिली मत्स्यालयं मात्र वाळूवर उभी राहिली. १९०९ मध्ये मद्रासला मरीना किनाऱ्यावर, आणि १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय. आठ लाख रुपयांच्या त्या इमारतीसाठी डी. बी. तारापोरवाला यांनी दोन लाखांची देणगी दिली होती. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झालं. नागपूरहून उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला गेलेल्या कितीतरी पोरांनी खाऱ्या पाण्यातला मासा जिवंत पाहिला तो तिथेच. मार्च २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडलं, तेव्हा फीत कापणारे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस नागपूरचे होते. कोविडच्या काळात दारं बंद झाली आणि नंतर जुनी इमारत पाडून नवं काही बांधायचे बेत सुरू झाले. पण रस्ता ओलांडला की अरबी समुद्र, अशा जागी बांधलेल्या मत्स्यालयाकडून समुद्राविना प्रवाळ जगवण्याचे धडे मिळायचे नाहीत. ते आले आणखी दुरून.

जकार्तात ली चिन एंग नावाच्या हौशी माणसानं खडीखालचे फिल्टर वगैरे सगळं काढून टाकलं. समुद्रातून जिवाणू-शैवालांसकट आणलेला सच्छिद्र खडक, भरपूर ऊन आणि एका नळीतून बुडबुडे, एवढ्यावर प्रवाळ वाढत असल्याचं त्यानं १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात लिहिलं. खडकाच्या पोटातले जिवाणूच पाणी शुद्ध करतात, ही त्यातली खरी गोष्ट. बुडबुड्यांकडे दुर्लक्ष झालं. खरं तर काम अर्धं त्यांचंच होतं. खडकाच्या छिद्रांपर्यंत पाणी पोचलं नाही तर आतले जिवाणू उपाशीच राहणार.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बर्लिनच्या हौशी मंडळींनी ही पद्धत पक्की केली: खडक, प्रखर दिवे, फेस काढणारा स्किमर आणि जोराचं पाणी. अमेरिकेत जानेवारी १९८६ पासून जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी घरगुती ‘रीफ’चं वेड पसरवलं. तोवर वॉल्टर ॲडी यांनी १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात लाटांसकट एक अख्खी प्रवाळ-टाकी उभी केली होती. त्यांचा आग्रह होता, की खडकावर आदळून माघारी फिरणारं, मागे-पुढे हेलकावणारं पाणी हवं. एका दिशेनं वाहणारं पाणी म्हणजे ओढा, समुद्र नव्हे. हवाईतल्या वायकीकी मत्स्यालयाच्या ब्रूस कार्लसन यांनी त्यावर स्वस्त तोड काढली. टाकीच्या वर एक पिंप, त्यात पंपानं पाणी भरत राहायचं. पिंप भरलं की वक्रनळीतून सगळं पाणी एकदम खाली कोसळतं, पुन्हा भरू लागतं. लहानशा पंपातून मोठी लाट. हे यंत्र विकत मिळत नाही, प्लंबरकडच्या पीव्हीसी पाइपातून घरीच होतं. आवाज मात्र असा, की शेजाऱ्यांशी संबंध चांगले हवेत.

आणि मग शास्त्र आलं. मार्लिन ॲटकिन्सन आणि रॉबर्ट बिल्गर यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की प्रवाळ-खडकावरची वस्ती पाण्यातलं फॉस्फेट किती वेगानं उचलते ते पाण्याच्या वेगावर ठरतं. कारण साधं आहे. प्रवाळाच्या अंगाला चिकटून पाण्याचा एक अतिपातळ, जवळपास स्थिर थर असतो. प्राणवायू, अन्न, कचरा, सगळ्याची ये-जा त्यातूनच. पाणी संथ तर थर जाड आणि प्रवाळ स्वतःच्याच घाणीत गुदमरतं. पाणी उसळतं असलं की थर झिजतो. मासा पोहत जाऊन हवं ते शोधतो. प्रवाळ जागचं हलत नाही, म्हणून पाण्यालाच त्याच्याकडे यावं लागतं.

नागपूरला ही भाषा परकी नाही. सांडपाण्याच्या टाकीत हवा कशी विरघळवायची, पाणी कुठे अडतं, कोपऱ्यात गाळ का कुजतो, हेच प्रश्न वर्धा रोडवरची नीरी सोडवत आली आहे. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून ती इथे सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. शहरही एकदा वापरलेलं पाणी फुकट जाऊ देत नाही. भांडेवाडीत शुद्ध केलेलं रोजचं सुमारे १३ कोटी लिटर सांडपाणी महाजेनको ही राज्याची वीजकंपनी वीजकेंद्रासाठी उचलू लागली. लॉइडला हे शहर आवडलं असतं.

घरातल्या टाकीकडे येऊ. सुरुवातीचे पॉवरहेड म्हणजे बोटभर तोंडातून सुटणारी पिचकारी. समोरच्या प्रवाळाची कातडी सोलली जायची आणि हातभर बाजूला पाणी मेलेलं. जर्मनीतल्या पेन्झबर्गच्या टुंझे कंपनीनं २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत घरगुती टाकीत पंख्याचा पंप रूढ केला आणि चित्र पालटलं. तोंड रुंद, वेग कमी, पाणी भरपूर. हिशेबही सोपा: दुप्पट पाणी निम्म्या वेगानं ढकललं तर धक्का तेवढाच बसतो, पण ऊर्जा निम्मी लागते. त्याच दशकात पेनसिल्व्हेनियातल्या इकोटेकचा व्हॉर्टेक पंप आला. त्यात मोटर काचेबाहेर आणि आतला पंखा चुंबकानं फिरतो, त्यामुळे मोटरची उष्णता पाण्यात उतरत नाही. पेनसिल्व्हेनियात ही बारीक सोय. नागपुरात ती मोठी गोष्ट.

२०० लिटरच्या टाकीत मऊ प्रवाळं असतील तर तासाला टाकीच्या दहा ते वीस पट, म्हणजे दोन-चार हजार लिटर पाणी फिरायला हवं असा हौशी मंडळींचा ठोकताळा. फांद्यांच्या कठीण प्रवाळाला चाळीसपटही कमी म्हणणारे भेटतात. पण आकड्यापेक्षा मांडणी जास्त काम करते. दोन वेव्हमेकर, म्हणजे असे पंख्याचे पंप, समोरासमोर लावून आळीपाळीनं चालवले की प्रवाह मधोमध एकमेकांवर आपटून फुटतात आणि दिशा बदलत राहते. खडक मागच्या काचेला चिकटवून भिंत रचली की मागे डेड स्पॉट, म्हणजे पाणी न फिरणारा कोपरा, झालाच. चार बोटं जागा सोडावी, खडक पायांवर उचलून ठेवावा. एक पंप किंचित वर वळवला की पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा फुटतो आणि हवा आत शिरते. पाणी कुठे फिरत नाही ते बघायला यंत्र लागत नाही: चिमूटभर कोरडं खाद्य टाकावं आणि ते कुठे जाऊन बसतं ते पाहावं. आणि पंखे महिना-दोन महिन्यांनी व्हिनेगरच्या पाण्यात धुवावेत. चुना चढलेला पंप छापील आकड्याच्या जवळपासही पाणी देत नाही, ही गोष्ट नवा पंप घेऊन झाल्यावरच बहुतेकांना कळते.

ठेवायचं काय, हा प्रश्न भारतात कायद्यानं बराचसा सोडवला आहे. जुलै २००१ मध्ये सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या खडकातलं प्रवाळ उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे. परदेशी कठीण प्रवाळालाही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे परवाने लागतात. आणि इथे नागपूरचा असा धागा येतो, जो मुंबईकरांच्या फारसा लक्षात नसतो: राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरात आहे. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळच्या खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती सापडल्या, तेव्हा त्या हलवायची परवानगी इथूनच गेली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या उचलून किनाऱ्यावरच दुसरीकडे रुजवल्या. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात समुद्राची फाईल! पण जागा निवडताना तिथेही प्रश्न तेच: पाणी किती हलतं, गाळ बसतो का.

उरला उन्हाळा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. प्रवाळाला पाणी २५-२६ अंशांचं आवडतं. तीसच्या वर ते आपल्या अंगातली शैवालं हाकलून पांढरं पडू लागतं. शिवाय गरम आणि खारं, दोन्ही पाण्यांत प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला साधारण ८.२ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसात, आणि ३० अंशांना जेमतेम सव्वासहा. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो आणि सगळा भार पाणी हलवण्यावर येतो. पाणी गार करणारं चिलर महाग. त्यामुळे अनेकजण संपवर छोटे पंखे लावतात. वाळ्याच्या कूलरनं घर गार ठेवणाऱ्या गावाला हे वेगळं शिकवायला नको: कोरड्या मे महिन्यात बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं आरओचं पाणी भरावं लागतं, नाहीतर क्षार वाढत जातात. जून सरता सरता हवा दमट झाली की हीच युक्ती निकामी होते.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ या काचघरात १९९१ पासून सुमारे २६ लाख लिटरचा समुद्र, प्रवाळासकट, ठेवला गेला. तिथल्या लाटा निर्वात पंपांनी पाणी ओढून-सोडून उठवल्या जात. त्या समुद्राचा जीवही विजेवरच अवलंबून होता.

नागपुरात वीज जाण्याची भीती जुनी. कोराडीचं केंद्र १९७४ पासून शहराच्या उंबरठ्यावर, तरी २००५ नंतरची काही वर्षं राज्यभर भारनियमनाची होती. गोल्डफिशचा मालक तेव्हा मेणबत्ती लावून बसे. खाऱ्या टाकीत पंप थांबले की खडकातले जिवाणू उरलेला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि मग एका रात्रीत सगळं जातं. म्हणून इथल्या टाकीवाल्याच्या यादीत इन्व्हर्टर कायम वरच्या बाजूला असतो. आता २४ व्होल्टचे डीसी वेव्हमेकर बॅटरीवर थेट चालतात. वीज गेली की दिवे, स्किमर आणि संपमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप बंद, आणि एकच पंखा सगळ्यात कमी वेगावर रात्र काढतो. तो पंखा पृष्ठभागाकडे वळवून ठेवायचा असतो, कारण अशा रात्री प्रवाळाला अन्नापेक्षा हवा लागते. रिटर्न पंप थांबताच वरच्या टाकीचं पाणी नळीतून उलटं संपमध्ये उतरतं. त्यासाठी संप कधी काठोकाठ भरू नये आणि नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडावं, हे इथले जुने टाकीवाले नव्याला पहिल्याच दिवशी सांगतात. खालच्या मजल्यावरच्या छतातून खारं पाणी गळायला लागल्यावर ते सांगून उपयोग नसतो.